उतरला म्हणून झोपू नका



गेल्या पावसाळ्यात चाकणजवळच्या आमच्या वस्तीत पाच वर्षांच्या एका पोराला रात्री विंचू चावला. आजीने लगोलग विंचू उतरवणाऱ्याला बोलावले. त्याने पाणी मंतरले, पाला चोळला, आणि तासाभरात पोर शांत झाले. "उतरला," म्हणून सारे पांगले. आमच्या सौंनी सहज हात लावून पाहिला, तर सदरा घामाने चिंब, हातपाय गार, त्यात दोनदा उलटी. आम्ही रिक्षा काढली. पोर वाचले, पण दवाखान्यात तीन दिवस गेले.

घरात बाबासाहेबांची तसबीर आणि दारात मांत्रिक! तरी आजीला आम्ही बोल लावत नाही. तिच्या काळी डॉक्टर होता कुठे? पण आज मंत्राच्या नादाने दवाखाना टाळायला लावणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मांत्रिकाला यश येते, कारण बहुतेक विंचवांचा ठणका काही तासांत आपोआप ओसरतो. मोठ्या काळ्या इंगळीला आपण भितो; जीव घेतो तो लहानसा लाल विंचू. त्याच्या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरते. नुसतीच जबर कळ असेल तर धोका कमी. घाम, उलटी, गार हातपाय दिसले की एक मिनिट दवडू नये. लहान मुलांना तर नेलेच पाहिजे.

हे ओळखले महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. रुग्णांच्या उशाशी रात्री जागून त्यांनी नोंदी केल्या. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी यावर चालते, हे त्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या नामांकित साप्ताहिकात मांडले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचीही साथ होती. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीसेक दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी मात्र घरी मनाने देऊ नये. वायसीएम किंवा चाकणचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. चिरा देणे, आवळून बांधणे, चुना लावणे नको.

रात्रपाळीवाल्यांनी बूट झटकूनच घालावेत. विहारामागे विटांचा ढीग पडून आहे. रविवारी वंदनेनंतर तो हलवायचा आहे. येताना हातमोजे आणि बॅटरी आणा, पोरांना घरीच ठेवा.