अनारशांचा फोटो

आमच्या मातोश्रींना फोटोचे मोठे वावडे. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर जायचा. “माझं काय पाहायचं रे? सूनबाईचा काढ,” हे ठरलेले वाक्य. परिणामी ऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांचा धड म्हणावा असा फोटो एकच निघाला. गेल्या दिवाळीत चिरंजीव पुण्याहून नागपूरला आले ते नवा कॅमेरा घेऊन. आई अनारसे तळत होती. जाळी नीट पडते की नाही, यात तिचे सारे चित्त. तेवढ्यात चिरंजिवांनी तिला गाठले. कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो पाहून ती चक्क हसली आणि म्हणाली, “बरा आलाय की!”

माघात आई गेली. यंदा पितृपक्षात भिंतीवर लावायला तो फोटो हवा होता. नाही तर उरला आधार कार्डावरचा. आणि त्यात आमची आई आम्हालाही ओळखू येत नाही!

कार्ड कॅमेऱ्यातच होते. ते संगणकाला लावले, तर पडद्यावर प्रश्न उमटला: हे कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचे का? आमची कन्या ‘हो’वर बोट ठेवणार, इतक्यात सौ. स्वयंपाकघरातून ओरडल्या, “थांब गं! आधी कुणाला तरी विचारा.” कधी थांबावे हे आमच्या घरात त्यांनाच कळते.

विचारायला मी बर्डीवरच्या एका लहानशा दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने कार्ड हातात घेऊन पहिला प्रश्न केला, “काकाजी, बिघडल्यावर याच्यावर नवीन फोटो तर नाही ना काढला?” मी नाही म्हणताच त्याचा चेहरा खुलला. “मग बहुतेक सापडतील!”

त्याने समजावले ते असे. कार्डावर फोटो असतात आणि ते कुठे ठेवले आहेत याची एक अनुक्रमणिका असते. पुष्कळदा बिघडते ती अनुक्रमणिका. पुस्तकाचे पहिले पान फाटले म्हणून आतली प्रकरणे काही जात नाहीत. फोटो पुसला तरी सहसा तेच होते. नोंद जाते, चित्र जागेवर राहते. ती जागा मोकळी समजून तिथे दुसरा फोटो लिहिला गेला, की मात्र पहिला कायमचा गेला. म्हणून कार्ड बिघडले की ते तत्काळ कॅमेऱ्यातून काढून ठेवावे.

त्याने आधी साऱ्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल संगणकावर उतरवली आणि शोध घेतला तो त्या नकलेत. त्यासाठी ‘फोटोरेक’ नावाचा प्रोग्राम वापरला. तो फुकट मिळतो. हा गृहस्थ अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. प्रत्येक जेपेग फोटोच्या आरंभी ठरावीक खुणेची अक्षरे असतात. तेवढी तो कार्डभर हुडकत जातो. सापडलेले फोटो मात्र त्याच कार्डावर परत ठेवायचे नाहीत. कार्ड संगणकाला मुळीच दिसत नसेल, तर घरगुती उपाय करू नयेत. ते काम जाणत्यांच्या प्रयोगशाळेचे. आणि आजकालच्या फोनच्या आतल्या मेमरीतून पुसलेला फोटो असा हुडकून सहसा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दोन तासांनी फोटो पडद्यावर येऊ लागले. नावे गेलेली, क्रम बिघडलेला. आकाशकंदिलानंतर एकदम रामटेक! काही अर्धेच, खाली नुसता करडा पट्टा. आईचा फोटो शेवटी आला. तोही अर्धाच! कढई नाही, झारा नाही, अनारसे नाहीत. वर तेवढा चेहरा, जाळी पाहण्यात गुंतलेला. मी बराच वेळ काही बोललो नाही. त्या मुलानेही घाई केली नाही.

घरी येताना मनात आले, चूक कार्डाची नव्हे, आमची. वर्षभर एकाच नखाएवढ्या तुकड्यावर आम्ही आईला ठेवले होते. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा. त्यातली पहिली आणि शेवटची अशी दोनच आज उरली आहेत, आणि तीही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. जुन्या चित्रपटांचे जतन करणारे सरकारी संग्रहालय पुण्यात निघाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळ काही गेले होते. जतन करायची आठवण आपल्याला नेहमी उशिराच होते!

आता आईचा फोटो तीन ठिकाणी आहे: संगणकात, चिरंजिवांकडे पुण्याला आणि कागदावर छापून बैठकीच्या भिंतीवर. वाचकहो, यंदा फराळाचे, फुलबाज्यांचे फोटो हौसेने काढा. पण भाऊबीजेची ओवाळणी आटोपली की ते दुसरीकडे उतरवून घ्या. आणि घरात पदराआड जाणारे कुणी असेल, तर आधी त्यांचा काढा.

परवा सौ.नी अनारशांचे पीठ भिजवले. भिंतीकडे पाहून म्हणाल्या, “यंदा जाळी पडली नाही, तर सासूबाई आहेतच वरून बघायला!”