ओळखीच्या शब्दांचा चकवा

पालि सुत्तांची मराठी भाषांतरे वाचताना आम्हांस अडचण येते ती अनोळखी शब्दांची नव्हे, ओळखीच्या शब्दांची. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान ही पाच स्कंधांची नावे मराठी माणसाच्या नित्य वापरातली. म्हणून भाषांतरकार ती तशीच ठेवतो आणि वाचक न अडखळता पुढे जातो. अडखळला असता तर बरे झाले असते.

'वेदना'च घ्या. मराठीत वेदना म्हणजे कळ, यातना. पालीत मात्र ती सुखद असते, दुःखद असते आणि यांपैकी काहीच नसलेलीही असते. सतिपट्ठानसुत्तात हे तिन्ही प्रकार आले आहेत. आता प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेतून तृष्णा उपजते असे वाचल्यावर विद्यार्थ्याने काय समजावे? यातनेतून हाव कशी निर्माण होईल? मग यातनेतून सुटण्याची इच्छा म्हणजेच तृष्णा, असा अर्थ तो ओढूनताणून लावतो. हा अर्थ सर्वस्वी चूक नाही, पण अर्धाच आहे. माणूस सुखद अनुभवालाही चिकटतो आणि तेथेच अडकतो, हे त्या विवेचनातले मर्म त्यातून निसटते. इंग्रजी वाचकाच्या हाती 'फीलिंग' हा शब्द येतो. तो तोकडा असेल, पण फसवा नाही.

'विज्ञाना'ची गत याहून विनोदी आहे. विञ्ञाण म्हणजे जाणीव: डोळ्याने रूपाची, कानाने शब्दाची होणारी. त्यावरून बुद्धांना आधुनिक शास्त्राचे प्रवक्ते ठरवणारे निबंध आम्ही तपासले आहेत. (विज्ञानवाद हे एका बौद्ध दर्शनाचेच नाव आहे आणि त्याचा प्रयोगशाळेशी काडीचाही संबंध नाही!)

यावर उपाय काय? १९५७ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावात डॉ. आंबेडकरांनी 'धम्म' हे पालि रूपच ठेवले आणि धम्म व रिलिजन यांतला भेद आत सविस्तर मांडला. तीच वाट 'संखार' आणि 'विञ्ञाण' यांच्यासाठी धरावी, असे आमचे मत आहे. वाचकाला थोडे परके वाटू द्यावे. 'वेदने'पाशी मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिचे पालि रूपही तेच. तेथे भाषांतर करावेच लागते. सत्यनारायण गोएंका आपल्या हिंदी प्रवचनांत 'संवेदना' म्हणत. तो शब्द शरीराकडे अंमळ अधिक झुकतो, तरी आम्ही तोच पत्करू. 'अनुभूती'ला अध्यात्माचा फार वास येतो.

हा केवळ अभ्यासक्रमाचा प्रश्न असता तर दोन-चार गुणांवर भागले असते. पण १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात ही वचने घराघरांत आणि विहारांत जगण्यासाठी वाचली जातात. तेथे चूक दाखवायला परीक्षक नसतो. मूळ पालि देवनागरीत उपलब्ध आहे, पु. वि. बापटांनी सुत्तनिपात पुण्याहून देवनागरीत संपादित केला तो १९२४ साली. भाषांतराशेजारी मूळ छापायला मराठी प्रकाशकांना लिपीचीसुद्धा अडचण नाही.