हिरवं कार्ड विहिरीला मिळालं, पाइपाला नाही

पाहुण्याला पाणी देण्यात आपल्या धाराशिव जिल्ह्याचा हात कुणी धरणार नाही. शेगावची पालखी असो, आषाढीच्या दिंड्या असोत की कोजागिरीला तुळजापूरला पायी निघालेले भाविक, वाटेवरच्या गावात नळ मोकळा असतो. पण ते पाणी आपण देतो कसं, हे एकदा जवळ जाऊन बघा.

गेल्या आषाढीला आमच्या गावात एका दिंडीचा टँकर भरत होता. पाइप रात्रभर गोठ्यापुढच्या चिखलात पडलेला. पोरानं तो तसाच उचलला, नळाला तारेनं आवळला आणि दुसरं टोक टँकरच्या पार तळापर्यंत सोडलं. तेवढ्यात लाईट गेली, मोटार बंद. आणि टँकरमधली पातळी खाली जायला लागली! म्हणजे ते पाणी उलटं आमच्याच नळाच्या लायनीत ओढलं जात होतं. चार दिवसांनी माझ्या पुतणीला सलाईन लागली. त्याच पाण्यानं, असं मी छातीठोक सांगत नाही. पण तपासलं तरी कुणी?

विचारलं तर उत्तर काय, "माउलींचं काम आहे, काही होत नाही." अहो, 1933 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथल्या हॉटेलांत सांडपाणी असंच पिण्याच्या लायनीत शिरलं आणि 98 माणसं आमांशानं गेली. तिथं काय पैसा कमी होता?

पंचायतीच्या भिंतीवर हिरवं कार्ड मिरवतंय. विहीर चांगली, टाकी चांगली, आणि शेवटचा वीस फुटांचा पाइप जनावरांच्या मुतात!

पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा ठेवा, खुंटीला टांगा, तोंडाला बूच लावा. टँकर भरताना टोक पाण्यात बुडवायचं नाही, वीतभर वर धरायचं. मग दाब गेला तरी पाइप हवा ओढेल, पाणी नाही. नळाजवळ एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल बादलीत कालवून त्याची निवळी टँकरात ओता, अर्धा तास थांबा. मग जलसुरक्षकानं ओटी टेस्ट करायची, पिवळा रंग आला तरच वारकऱ्यांचा तांब्या भरायचा.

स्वागताच्या कमानीला आणि पुढाऱ्यांच्या फोटोंना वर्गणी निघते. व्हॉल्व्हला निघत नाही.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देतोय. गावातल्या मंडळींनी सहीला या. आणि तुमच्या गावात टँकर कसा भरतात, त्याचा फोटो खाली टाका.