देशोदेशीची गावं : पाथरवटांचं बॅरी

मुलांनो, एका दफनभूमीत चक्क दगडाची रेसिंग कार उभी आहे. पलीकडे दगडाची आरामखुर्ची, तीही रिकामी. कुठे फुटबॉल. एक नवरा-बायको तर पलंगावर बसलेत, हातात हात घेऊन! हे सगळे समाधीचे दगड बरं का. घाबरू नका, लोक तिथे मुद्दाम बघायला जातात.

ही दफनभूमी आहे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बॅरी नावाच्या शहरात. (स्पेलिंग वाचून तुम्ही ‘बार’ म्हणाल, पण म्हणायचं बॅरी!) शहर म्हणायचं, पण २०२०च्या जनगणनेत वस्ती जेमतेम साडेआठ हजार. आपलं तालुक्याचं गावसुद्धा याहून मोठं असतं. उंच इमारती नाहीत, गर्दी नाही, हिवाळाभर बर्फ. पण जमिनीखाली करड्या रंगाचा उत्तम ग्रॅनाइट आहे. स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवतात ना, त्याच जातीचा. इथली एक खाण सुमारे १८० मीटर खोल आहे.

१८८० साली इथे दोनेक हजार माणसं होती. मग खाणीपर्यंत रेल्वे पोचली आणि दगड बाहेर जाऊ लागला. इटली, स्कॉटलंड, स्पेन, कॅनडा अशा ठिकाणांहून पाथरवट आले. इटलीचे कारागीर तर असे, की दगडाच्या कोटाला बटणं आणि सुरकुत्यासुद्धा काढायचे. एलिया कॉर्ती हा त्यांच्यातला एक. १९०३ साली कामगारांच्या सभागृहात भांडण पेटलं, त्यात गोळी लागून तो गेला. त्याची समाधी त्याच्या नातलगांनीच घडवली. त्यात तो बसलाय आणि शेजारी त्याची हत्यारं आहेत.

पण बॅरीच्या पाथरवटांना खरं मारलं ते धुळीनं. पूर्वी छिन्नी-हातोड्यानं काम चाले, तेव्हाही धूळ उडायची. पण हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं आली तशी दगडाची पिठासारखी बारीक धूळ उडू लागली. थंडीमुळे शेडची दारं बंद. ती धूळ श्वासाबरोबर आत जाते आणि फुप्फुसातच राहते. फुप्फुस हळूहळू कडक होतं, धाप लागते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर क्षयाचीही भर पडायची. कितीतरी कारागीर चाळिशी-पन्नाशीतच गेले. घरी विधवा बाई खाणावळ चालवायची, तिथे जेवायला येणारेही पाथरवटच!

१९३०च्या दशकाच्या अखेरीस हत्याराजवळची धूळ तिथल्या तिथे ओढून घेणारी यंत्रं बसू लागली. त्यानंतर कामाला लागलेल्यांमध्ये हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे उपाय काही फार अवघड नव्हता! आपल्याकडे दगडखाणीत, खडी फोडायच्या क्रशरवर काम करणाऱ्यांना सिलिकोसिस आजही होतो. तुमच्यापैकी कुणाचे बाबा किंवा काका तिथे असतील, तर हे त्यांना वाचून दाखवा.

आता १९१२ची एक गोष्ट. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स नावाचं कापडगिरण्यांचं शहर आहे. कायद्यानं कामाचे तास कमी झाले, तसा मालकांनी पगारही कापला. कामगारांनी संप केला. भर थंडीत घरात खायला नाही, मग मुलांचं काय करायचं? त्यांनी काही मुलं दुसऱ्या गावांना पाठवली. त्यातली ३५ मुलं रेल्वेनं बॅरीला आली. ज्या सभागृहात कॉर्तीला गोळी लागली होती, तिथेच त्यांचं स्वागत झालं. मग पाथरवटांच्या कुटुंबांनी एकेक, दोन-दोन मुलं आपापल्या घरी नेली. ना नातं, ना ओळख. मार्चमध्ये संप कामगारांनी जिंकला आणि मुलं आपल्या घरी परतली.

ते सभागृह आजही उभं आहे. खाणही चालू आहे, पण आता यंत्रं जास्त आणि माणसं कमी. जुलै २०२३मध्ये बॅरीत महापूर आला, दुकानांत आणि तळघरांत चिखल भरला. लोकांनी फावडी घेऊन तो उपसला. पुढच्याच वर्षी, जुलै २०२४मध्ये, पाणी पुन्हा आलं. लोकांनी पुन्हा फावडी काढली.