वाचलेल्या विजेचे हिशेबनीस

वीज निर्माण करणारा कारखाना दुरूनही दिसतो. वीज वाचवणाऱ्या उद्योगाला असे धुराडे नसते. त्याचा रोजगार दुकानांत, गोदामांत आणि मागांच्या शेडमध्ये विखुरलेला असतो. म्हणूनच तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो.

या उद्योगाची मोठी लाट विक्रीची होती. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब लोकांच्या हाती गेले. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३०० रुपयांच्या पुढे असलेला बल्ब दोन वर्षांत ४० रुपयांच्या आसपास आला. ग्राहकाचे भले झाले. विद्युतसामानाच्या दुकानदाराचे वरचेवर परतणारे गिऱ्हाईक मात्र गेले. टिकाऊ मालाच्या नुसत्या विक्रीवर फार माणसे पोसली जात नाहीत.

टिकणारे काम आहे ते मोजणीचे. एखाद्या पेढीत ७५ वॅटचे २० पंखे रोज १० तास फिरतात. त्यांच्या जागी ३० वॅटचे बसवले, तर रोज ९ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये दर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर बचत २७ हजारांची. पंखा ३ हजारांचा असला तरी भांडवल सव्वादोन वर्षांत वसूल! हे गणित कोणताही मुनीम मांडील. मोटर, कॉम्प्रेसर, बॉयलर आले की मात्र जाणकार लागतो.

२०१७ मधील ‘साथी’ योजनेची मांडणीही अशीच होती. इचलकरंजी, सुरत, इरोडच्या लहान यंत्रमागधारकांनी आरंभी पैसे न भरता कार्यक्षम यंत्रे घ्यावीत आणि चार-पाच वर्षांत बचतीतून फेडावीत, असे ठरले. अशा व्यवहारात वाद होतो तो नेमके किती वाचले यावरच. तेथे दोन्ही पक्षांना मान्य होईल असा मोजणारा हवा.

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ठरावीक मोठ्या उद्योगांना ऊर्जा व्यवस्थापक नेमणे बंधनकारक केले आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या प्रमाणन परीक्षेत व्यवस्थापकाला तीन, तर लेखापरीक्षकाला चार प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात. नुसती पदवी पुरत नाही. कामाचा अनुभवही लागतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना हा मार्ग सहसा बंदच, ही उणीव खरी.

पण अभियंता झालेला मुलगा किंवा मुलगी गादीला पारखी झाली, अशी खंत ज्या घरांत आहे, तेथे हे काम सांगण्याजोगे आहे. सरावाला बाहेर जाण्याचीही गरज नाही. दुकानाची, गोदामाची गेल्या बारा महिन्यांची वीजबिले त्यांच्यापुढे ठेवावीत.