वसाहत कां बुडते?



संगणकावरील खेळाचें नांव निघतांच पुष्कळ पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या अगदींच अनाठायीं असतात असें मी म्हणणार नाहीं. परंतु सारेच खेळ एका माळेचे मणी नव्हेत. कॅनडांतील व्हँकूव्हर शहराच्या क्लेई या कंपनीनें २०१९ सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध केलेला ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड’ हा खेळ मुलांस जमाखर्चाची शिस्त लावूं शकतो, असें माझें मत आहे. मात्र नवशिक्यानें आरंभ विचारपूर्वक केला पाहिजे.

एका लघुग्रहाच्या पोटांत, चहूंकडून खडकानें वेढलेल्या पोकळींत, तीन माणसें असतात. त्यांच्याकडून जमीन खणवून हवा, पाणी, अन्न व वीज यांची तरतूद आपणांस करावयाची असते. खेळांतील एक दिवस ६०० सेकंदांचा असतो, आणि दर तीन दिवसांनीं तेथील मुख्य यंत्र एक नवा मनुष्य देऊं करतें.

मी प्रथम खेळलों तेव्हां एकासहि नाहीं म्हटलें नाहीं. तीस दिवसांच्या आंत तिहींचे बारा झाले व मला मोठी धन्यता वाटली. प्रत्येकास रोज ६० किलो प्राणवायु लागतो, म्हणजे बारा जणांस ७२० किलो, हा हिशेब मीं मांडलाच नव्हता. शेवाळापासून प्राणवायु करणारें यंत्र चाललें होतें, पण एके दिवशीं शेवाळच संपलें. मग घाईघाईनें पाण्याचें विघटन करणारें यंत्र उभारलें. त्यांतून वायु बाहेर पडतो तोच निदान ७० अंश तापलेला असतो. तो शेतांत पसरला. आमचें पीक मीलवुडचें. तें ३० अंशांपलीकडे वाढत नाहीं. पीक थांबलें, उपासमार झाली, वसाहत बुडाली. शत्रु कोणीहि आला नव्हता. बुडण्याचें बीज मीं आनंदाच्या दिवसांतच पेरलें होतें.

म्हणून नवशिक्यांस माझें सांगणें असें: नवा मनुष्य नाकारण्याची मोकळीक आहे, तिचा उपयोग करा. जोंपर्यंत आहेत त्यांची तरतूद पक्की नाहीं, तोंपर्यंत संख्या वाढवूं नका. मीलवुडचें एक रोप तीन दिवसांत ६०० किलोकॅलरी देतें, आणि माणसास रोज १००० लागतात. तेव्हां दर माणशीं पांच रोपें लावा. शौचकूप व हात धुण्याची जागा पहिल्याच दिवशीं बांधा. कार्बन-डाय-ऑक्साइड जड असल्यामुळें खालीं सांचतो. त्यासाठीं वस्तीच्या तळाशीं खड्डा ठेवा. शेवाळ भरपूर आहे तोंवरच पाण्याच्या यंत्राची व उष्णता अडविणाऱ्या भिंतींची तयारी करा. आणि गोंधळ उडाला कीं खेळ थांबवा. तो थांबवून विचार करण्यांत कमीपणा नाहीं; थांबलेल्या स्थितींतहि आज्ञा देतां येतात.

या खेळांतील सारेंच शास्त्र खरें मानूं नये. प्रत्यक्ष मनुष्यास दिवसाकांठीं सुमारें एक किलो प्राणवायु पुरतो. पण एक किलो पाण्यापासून ८८८ ग्रॅम प्राणवायु व ११२ ग्रॅम हायड्रोजन मिळतो, हें खेळांतलें प्रमाण रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेल्या प्रमाणाशीं जुळतें. काय खरें व काय कल्पित, हें ताडून पाहणें हाहि एक अभ्यासच होय.

पहिली वसाहत बहुधा बुडेल. त्याची लाज नको; पण कारण न शोधतां लगेच दुसरी मांडणें, ही मात्र लाजेची गोष्ट होय. वही काढा, काय आधीं संपलें, तें कोणाच्या लक्षांत केव्हां यावयास हवें होतें, हें लिहा, आणि मगच पुन्हा आरंभ करा.

पालकांसहि एक विनंति आहे. खेळाची वेळ अवश्य बांधून द्यावी, व ती पाळलीच पाहिजे. परंतु मुलगा संगणकापुढून उठला म्हणजे “किती वेळ घालविलास?” एवढेंच विचारून थांबूं नये. “तुझी वसाहत कशानें बुडाली?” असेंहि विचारावें. त्याला नीट उत्तर देतां आलें, तर तो वेळ व्यर्थ गेला नाहीं असें खुशाल समजावें.