विश्वविजेत्याचं पिस्तूल आणि आपला हात

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये लिहितोय.

२०२४ साली पॅरिसला मनू भाकरनं दोन कांस्यपदकं घेतली (एक एकटीनं, एक सरबज्योत सिंगबरोबर), आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये एक घेतलं, आणि तेव्हापासून ज्या घरात नेमबाजी करणारं पोर आहे तिथं एक प्रश्न हमखास निघतो. "चॅम्पियन लोक कुठलं पिस्तूल वापरतात हो?" नात्यातल्याच दोघा-तिघांनी मला हे विचारलंय. माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकीचा आहे. आणि या चुकीच्या प्रश्नाचं उत्तर विकत घेण्यात आईबापांचे पैसे लाखांत जातात, म्हणून हा खटाटोप.

विषय पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा आहे. दहा मीटरच्या एअर पिस्तुलावर हात बसला की मुलं तिकडे वळतात. याचं काडतूस म्हणजे '.२२ लाँग रायफल'. १८८७ पासून चालत आलेलं, चिमुकलं, अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची शिशाची गोळी असलेलं. याला 'रिमफायर' म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून बुडाच्या कडेत भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते आणि बार उडतो. ही कड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नावांचं बघू. पार्डिनी, वॉल्थर, मोरिनी, फाइनवर्कबाउ. सगळी उत्तम, त्याबद्दल वादच नाही. पण नियम काय म्हणतो? नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरच्या आत, ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा, आणि सगळं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे. म्हणजे इटलीवाला काय, जर्मन काय आणि स्विस काय, सगळे एकाच खोक्यात संसार थाटतात! अचूक टार्ग्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर. यातलं कुठलंही धड अवस्थेतलं पिस्तूल टेकूवर ठेवून चालवलं तर पंचवीस मीटरवर त्या वर्तुळाच्या निम्म्याहून कमी जागेत गोळ्या घालतं. दहाच्या बाहेर जी गोळी जाते ती नळी पाठवत नाही, हात पाठवतो.

मग निवडायचं काय? हात कशात नीट बसतो ते.

पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप आली, तर ग्रिप तुमची. मनगट वाकवून आणावी लागली, तर ती दुसऱ्या कुणाची तरी. मग ते पिस्तूल जगज्जेत्याचं असेना का. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सरळ बसतो का? मुलीचा हात लहान असेल तर बोट ताणून ओढावं लागतं, आणि ताणलेलं बोट गोळी बाजूला ढकलतं. लाकडी ग्रिप कानशीनं घासता येते, पुट्टीनं भरता येते. ते एका रविवारचं काम आहे. पण मूळ आकारच मोठा असेल तर किती घासणार? ट्रिगरचा कस १००० ग्रॅमचं वजन लटकवून रेंजवरच बघता येतो. पहिला टप्पा कुठे संपतो, दुसरा कुठे सुटतो, हे दर वेळी सारखंच जाणवलं पाहिजे.

आणि वजन! पुढून जड पिस्तूल स्थिर वाटतं, हे दुकानात. स्पर्धेत मात्र तीस अचूक गोळ्या आणि त्यावर तीस झटपट. या झटपट टप्प्यात टार्ग्यासाठी तीन सेकंद मिळतात, त्यात खालून हात उचलून एक गोळी, मग सात सेकंद थांबा, पुन्हा उचला. पंधरा वर्षांच्या पोरीच्या खांद्याला विचारा, पुढचं वजन हवं का म्हणून.

आता काडतुसांकडे येतो, कारण खरी गंमत (आणि खरी उधळपट्टी) तिथं आहे. दोन गैरसमज रेंजवर सर्रास ऐकू येतात.

पहिला, "जास्त वेगाचं घ्या, सरळ जातं." अहो, पंचवीस मीटरला वेग घेऊन काय करायचंय? ही पिस्तुलं काडतुसाच्याच जोरावर बोल्ट मागे ढकलून पुढचं काडतूस आत घेतात. स्प्रिंगचं गणित साध्या वेगाच्या काडतुसावर बसवलेलं असतं. 'हाय व्हेलॉसिटी' घातलंत की बोल्ट जोरात आपटतो, भाग झिजतात, वर हाताला धक्का जास्त, म्हणजे साइट जागेवर यायला उशीर. स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे खोक्यावर सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर लिहिलेलं, ते घ्या. पिस्तुलाच्या आखूड नळीतून ते त्याहूनही सावकाश निघतं, आणि तेच बरं. पण फार मऊही नको, नाहीतर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि काडतूस अडकतं.

दुसरा, "सगळ्यात महाग तेच घ्या." महागडी काडतुसं ही मुख्यतः पन्नास मीटरच्या रायफलवाल्यांची गरज. त्यांचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आपलं ५० चं. त्यांच्या गरजेचे पैसे आपण का भरायचे? पिस्तुलाला गरज आहे ती दर वेळी न चुकता उडणाऱ्या काडतुसाची. मघाशी म्हटलं ती कड इथे आठवा. मसाला त्या कडेत सगळीकडे सारखा पसरलेला नसला तर पिन नेमकी रिकाम्या जागी पडते आणि नुसतंच 'टक्'. स्पर्धेत असा बिघाड तीस गोळ्यांच्या एका टप्प्यात एकदाच मान्य होतो. दुसऱ्यांदा झाला की गुण गेले. त्यामुळे अगदी स्वस्तातलंही नको. एली, लापुआ, एसके, आरडब्ल्यूएस यांची मधल्या दर्जाची काडतुसं भरपूर झाली.

पद्धत साधी आहे. तीन-चार प्रकारांचा एकेक खोका (पन्नास काडतुसं) घ्या. टेकूवरून झाडा. वर्तुळ मोजा आणि किती वेळा अडकलं तेही लिहून ठेवा. जे तुमच्या पिस्तुलात एकदाही अडकत नाही ते तुमचं. मग जमेल तितकं एकाच लॉटचं घ्या, लॉटचा नंबर खोक्यावर असतो. शेजारच्या पिस्तुलाला जे रुचतं ते तुमच्या पिस्तुलाला रुचेलच असं नाही. अगदी एकाच कंपनीची जुळी असली तरी.

कुणी म्हणेल, मग चॅम्पियन लोक वेडे का? मुळीच नाहीत. पण त्यांची ग्रिप त्यांच्या हाताच्या मापानं कोरलेली असते, काडतुसांचे लॉट त्यांच्या पिस्तुलात तपासून निवडलेले असतात. आपण त्यातलं फक्त नाव विकत घेतो. २०१८ च्या एशियाडमध्ये आपल्या राही सरनोबतनं सुवर्ण घेतलं तेव्हा अंतिम फेरीत ३४-३४ अशी बरोबरी होती, आणि निकाल लागायला दोन शूट-ऑफ लागले. त्या पातळीवर सगळ्यांच्याच हातात चांगलं हत्यार असतं. फरक पडतो तो हजारो गोळ्यांच्या सरावानं.

तो सराव करायला काडतुसं लागतात, आणि सगळे पैसे पिस्तुलात घातल्यावर ती परवडत नाहीत. आपल्याकडे तर आणखी पंचाईत. परवाना, आयातीची कागदपत्रं, त्यात नोंदलेलं ते एकच हत्यार. आवडलं नाही म्हणून परत करायला तो काही मिक्सर नव्हे! म्हणून आधी रेंजची, क्लबची, ओळखीच्यांची पिस्तुलं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवून बघा. घाई करू नका. कोरडा सराव तर फुकट आहे. फक्त त्यासाठीची सोय पिस्तुलात आहे का ते बघा, नाहीतर रिकाम्या चेंबरच्या कडेवर पिन आपटून दोन्ही खराब होतात.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. महागडं पिस्तूल आल्यावर घर गुणांची वाट बघू लागतं. गुण वाढले नाहीत की पोर मनात म्हणतं, बाबांनी एवढे पैसे घातले, म्हणजे खोट माझ्यातच आहे. खोट बहुतेक वेळा तिच्या हातात न मावणाऱ्या त्या ग्रिपमध्ये असते. पण हे तिला कोण सांगणार? सांगणारे तर कुठल्या कंपनीचं घ्यायचं यावरच वाद घालत बसलेले असतात.

तेव्हा पुढच्या वेळी मला फोन कराल तर कंपनीचं नाव विचारू नका. मुलीच्या तळहाताचं माप घेऊन फोन करा.